नाव न घेता फोन लागला पाहिजे

शेवंताआजीवर अन्याय झाला तो गेल्या बेंदरादिवशी, सकाळी, बैलांना पोळी चारून झाल्यावर. करणारे घरचेच.

शेवंताआजी माझ्या वडिलांची चुलती. आष्ट्याला असते. डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे. एकुलता नातू लष्करात. त्याच्याशी बोलायला दर वेळी कुणाची मनधरणी नको, म्हणून दिलीपकाकानं तिला सांगितलेलं ऐकणारा फोन आणून दिला. फोनमधल्या बाईला आजीनं आधी माहेर विचारलं. बाईनं भलतंच काही सांगितलं. "लाजती," आजी म्हणाली, "नवीन हाय."

पुढं दोघींचं जमलं. आजी हवा विचारायची, अभंग लावायला सांगायची, चुकलं की बाईचं वळण काढायची. अडलं ते नातवापाशी. त्याला वारलेल्या आजोबांचंच नाव ठेवलंय, सदाशिव. नवऱ्याचं नाव आजी घेत नाही. नातवाला ती 'फौजी' म्हणते. काकानं फोनमध्ये मात्र सदाशिवच घातलेलं.

त्या सकाळी आजी फोनला म्हणाली, "पिंडीवर बेल वाहत्यात न्हवं? त्या देवाच्या नावाच्याला लाव."

बाईनं जवळपासची शंकराची देवळं सांगितली. सोप्यात बसलेले सगळे हसले. नाव घ्यायला जीभ झडती का, असं विचारून काकानं फोन कपाटात टाकला. म्हणे, हिला जमायचं न्हाई.

असल्या रूढींविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटते. मी आजीला स्पष्ट सांगितलं, नाव न घेणं ही बाईला दाबायची रीत आहे. आजी ताठ बसली.

"तुजं पत्रक तुज्यापाशी. एकदा घेतलं हुतं मी नाव. इस्लामपूरच्या दवाखान्यात, त्यांच्या कानाशी. ओ दिली न्हाई त्यांनी. आता त्या नावाला ह्या डबड्यानं ओ द्यावी व्हय?"

मी कपाटातून फोन काढला, सदाशिव पुसून 'फौजी' घातलं. चुलीवरचा चहा उकळायच्या आत झालं.

"फौजीला लाव गं."

लागला. जेवलास का रं, एवढंच तिनं विचारलं, मग नुसती ऐकत राहिली. बोलणं संपल्यावर फोनमधल्या बाईलाही विचारलं, तू जेवलीस का.

तुमच्या घरातल्या म्हातारीची जीभ वळवायला जाऊ नका. ती कुणाला काय हाक मारते ते तिला विचारा आणि फोनमध्ये तेच घाला. हातातलं हे खाली ठेवा, आधी उठा.