अपघातमुक्त आई

माणूस पडतो याचे मूळ कारण म्हणजे तो उभा असतो. झोपलेला माणूस सहसा पडत नाही. (पलंगावरून पडतो, पण तो दोष पलंगाच्या उंचीचा. त्याचा बंदोबस्त पुढे येईलच.) बसलेला माणूस क्वचित पडतो. चालणारे, चढणारे, वाकणारे आणि वरच्या फळीवरचे डबे काढणारे लोक मात्र उघडउघड पडण्याच्या तयारीत असतात. इतके सोपे सत्य मानवजातीला एवढी वर्षे सुचले नाही. शेवटी ते एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सुचले, आणि त्याने त्याचा पहिला प्रयोग, मोठ्या मनाने, स्वतःच्या आईवर केला.

हा अधिकारी आपल्या कामात फार नावाजलेला. कारखान्याच्या फाटकावर एक काळा फळा होता. शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले, तो आकडा त्यावर हा गृहस्थ रोज सकाळी स्वतःच्या हाताने बदलत असे. आकडा वाढता ठेवण्याची त्याची पद्धत सरळ होती: जे यंत्र धोक्याचे वाटेल ते बंद करायचे. असे करत करत दोन विभाग पूर्ण बंद झाले आणि तिसऱ्यात फक्त पंखे फिरत होते. अपघात एकही नाही. उत्पादनही विशेष नव्हते, पण उत्पादनाचा फळा दुसऱ्या खात्याकडे होता.

त्याच्या आईने सत्तरी केव्हाच ओलांडली होती, पण कुणी सांगितल्याशिवाय तिच्या ते लक्षात येत नसे. पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर तिने दोन मुले वाढवली. एक हा, दुसरी परगावी राहणारी ताई, जी फोनवरून काळजी करते. सकाळी बाजारातून पिशवी भरून आणायची, दुपारपर्यंत मशीन चालवायची, आणि दुपारी रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीचे तीन जिने चढून नर्सबाईकडे पत्ते खेळायला जायचे, हा तिचा नेम. नर्सबाई म्हणजे तिची लहानपणापासूनची मैत्रीण. नोकरी संपली तसे तिचे गुडघेही संपले, त्यामुळे ती खाली उतरत नाही. ती पत्ते चोरते. आईला ते पन्नास वर्षांपासून माहीत आहे आणि तिला रंगेहाथ पकडणे हेच आईच्या दुपारचे सुख आहे.

एके दिवशी आई स्टुलावर चढून बटणांचा डबा काढत होती. स्टूल डुगडुगले, आई खाली आली आणि शेजारच्या गादीच्या वळकटीवर टेकली. डबा हातात सुखरूप होता. आवाज ऐकून अधिकारी आतून धावत आला.

"आई, तू पडलीस."

"पडले नाही. उतरले."

"स्टूल आडवं झालंय."

"ते पडलं. माझ्यानंतर."

घटनेची चौकशी त्याच संध्याकाळी झाली. चौकशी समितीत अधिकारी स्वतः, फोनवर ताई आणि, चहा आणण्यापुरती, सूनबाई होती. स्टूल दोषी ठरले आणि शेजाऱ्याला देऊन टाकण्यात आले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या जागी, कारखान्यातल्यासारखाच एक फळा लागला. त्यावर त्या दिवशी शून्य लिहिले गेले, आणि घर कामाला लागले.

एकदा सुरुवात झाली की तर्काला कुठे थांबावे हे कळत नाही. तो बिचारा स्वभावानेच सरळ असतो. जिना धोक्याचा, म्हणून नर्सबाई बंद. पिशवीच्या वजनाने तोल जातो, म्हणून बाजार बंद. मशीनचे पायडल पायांना दमवते आणि दमलेले पाय अडखळतात, म्हणून मशीनला मोटार बसवली. पलंगाला उंची असते, म्हणून पलंग गेला आणि गादी जमिनीवर आली. जमिनीवरून पडायला जागाच नाही, हे ताईलाही फोनवर पटले. (जमिनीवरून उठायलाही फारशी सोय नसते, पण उठणे हा पडण्याच्या आधीचा टप्पा असल्याने तेही बरेच झाले.)

सर्वांत मोठे यश म्हणजे आरामखुर्ची. ती इतकी खोल आणि मऊ होती की तिच्यातून पडणे अशक्य होते, कारण तिच्यातून निघणेच अशक्य होते. खुर्चीच्या डाव्या बाजूला तिपाईवर एक पितळी घंटी ठेवली. पाणी हवे, घंटी वाजव. खिडकी उघडायची, घंटी वाजव. खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत न घसरणारी रबरी चटई अंथरली गेली. ती खरोखर घसरत नसे. तिचे कोपरे फक्त वर वळत, जणू कोण येतेय ते बघायला.

आईला एकटीलाच बांधून ठेवल्यासारखे वाटू नये म्हणून अधिकाऱ्याने नियम सर्वांना लागू केला: या घरात जो पडेल तो, वय आणि पद न बघता, डॉक्टर हो म्हणेपर्यंत खुर्चीत बसेल.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" सूनबाईने विचारले.

"नियम माणूस बघत नाही."

"बरं. लक्षात ठेवते."

पत्त्यांचीही सोय लागली. आईसमोर फोन उभा करून ठेवला, तिकडे नर्सबाईसमोर दुसरा. पण फोनमध्ये नर्सबाईचे फक्त तोंड आणि एक खांदा दिसे, हात दिसत नसत. ती आता पत्ते लपवतही नसे, सरळ बदलून घेई.

"तुझा मुलगा तुला फार जपतो ग," नर्सबाई एकदा म्हणाली.

"जपतो ना. पाहुण्यांच्या कपांसारखं. काचेच्या कपाटात. फुटत नाहीत, पण त्यांतून कुणी चहाही पीत नाही."

"मग ये ना इकडं."

"तीन जिने आहेत."

"जिने होतेच की. तू कधीपासून मोजायला लागलीस?"

 त्या दिवशी आईने डाव अर्ध्यावर सोडला आणि घंटीही वाजवली नाही.

पावसाळा आला आणि गेला. फळ्यावरचा आकडा एवढा वाढला की तिसऱ्या अंकासाठी जागा करावी लागली. आणि आईचे पाय बारीक झाले. खुर्चीतून उठायला दोघांचे हात लागू लागले. न्हाणीघरापर्यंत जाताना ती भिंत धरू लागली, मग भिंत आणि सून, दोन्ही. अधिकाऱ्याला वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्याला समाधानाची एक कड होती.

"बघ," तो ताईला फोनवर म्हणाला, "हिचा तोल गेलाय हे मी आधीच ओळखलं होतं. नशीब आपण वेळेवर बसवलं."

एका सकाळी आईने समोरच्या इमारतीकडे बघत शांतपणे विचारले, "आता मी ते जिने चढेन का रे कधी?" अधिकाऱ्याने सुरक्षा खात्याला शोभेल असे उत्तर दिले. तो म्हणाला, "कशाला चढायचेत?" आईने मान वळवली. सूनबाईने त्याच दुपारी, कोणतीही समिती न बोलावता, डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टरांनी आईला तपासून विचारले, "दिवसभरात हालचाल काय करता, मावशी?"

आईने हात लांब करून घंटी वाजवली. "ही."

डॉक्टर बराच वेळ फळ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी एका व्यायामबाईंचा नंबर लिहून दिला. पडलेल्यांना उभे करणे आणि न पडलेल्यांना पडू न देणे, हा या बाईंचा पेशा. त्यांनी आल्या आल्या सांगितले की पाय वापरले नाहीत तर जातात, आणि तोल ही पाठांतरासारखी गोष्ट आहे, रोज म्हटले नाही तर विसरते. अधिकाऱ्याने हे वहीत टिपून घेतले आणि सर्व साहित्य ताबडतोब मागवले. किमतीचा उल्लेख घरातल्या शांततेसाठी इथे टाळला आहे. साहित्याचा हिशेब मात्र असा:

गेले: स्टूल. आले: व्यायामाची पायरी. (स्टुलापेक्षा बुटकी, नाव लांब. चढ-उतार करण्यासाठी.)

गेली: बाजाराची पिशवी. आली: वजनांची जोडी, रंग निळा. (उचलून परत ठेवण्यासाठी. यांच्यातून भाजी येत नाही.)

गेले: मशीनचे पायडल. आले: बसल्या जागी मारायचे पायडल. (याने काही शिवून होत नाही.)

गेला: पलंग. आला: पलंगच, कारण जमिनीवरून उठवताना सूनबाईची कंबर धरली.

उरला जिना. व्यायामबाईंनी विचारले, "आणखी थोडं बळ आलं की रोज एखादा जिना चढायला हवा. जवळपास कुणी ओळखीचं राहतं का वरच्या मजल्यावर?"

सूनबाईने समोरच्या इमारतीकडे पाहिले.

"आहे एक," आई म्हणाली. "पत्ते चोरते."

"छान. हळूहळू तिथं जायचं."

"जिना नको," अधिकारी म्हणाला. "जिन्यासारखं यंत्र मिळतं. ते घेऊ." आणि घेतलेही. या यंत्रावर माणूस कितीही चढला तरी कुठेही पोचत नाही, हाच त्याचा मुख्य सुरक्षा-गुण.

आई यंत्रावर चढू लागली. शाळेत नापास झालेले मूल दुसऱ्या वर्षी जसे अभ्यास करते, तशी ती करू लागली. आधी कठडा घट्ट धरून, मग नुसता बोटांनी. दात घासताना बेसिनच्या काठावर हात ठेवून एका पायावर उभी राही, मग दुसऱ्या. जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीतून हात न टेकता उठे, बसे, पुन्हा उठे. व्यायामबाई सांगत त्यापेक्षा जास्त नाही, पण कमी कधीच नाही. आपल्या खर्चाचे चीज झाले असे अधिकाऱ्याला वाटले. यंत्रावर चढताना आईचे तोंड नेहमी खिडकीकडे असे, याची नोंद फक्त सूनबाईने घेतली. तिने शेजाऱ्याकडून स्टूलही परत आणले, वजने ठेवायला म्हणून.

आरामखुर्ची आता रिकामी राहू लागली. चांगली वस्तू वाया जाऊ नये म्हणून अधिकारी सुट्टीच्या दिवशी तिच्यात बसू लागला. वय एकोणपन्नास, सकाळी गाडीत, दिवसभर केबिनमध्ये, संध्याकाळी खुर्चीत. अपघाताची शक्यता नाही म्हणण्याइतकी कमी.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी आईने बूट घातले, नाड्या वाकून स्वतः बांधल्या आणि पत्त्यांचा जोड पिशवीत टाकला. सूनबाईने दार उघडून धरले.

"येऊ का बरोबर?"

"रस्त्यापर्यंत ये. जिन्याला कठडा आहे."

थोड्या वेळाने अधिकाऱ्याने सहज खिडकीतून पाहिले. आपली आई, सर्व नियमांच्या विरुद्ध, उभी होती. उभी राहून चालत होती. समोरच्या इमारतीच्या दारात तिने कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आई!" म्हणून तो उठला. म्हणजे उठायला गेला. खुर्चीने त्याला परत घेतले. दुसऱ्यांदा त्याने खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला, एक झोका घेतला, हुंकार दिला, तिसऱ्यांदा सुटला, आणि सुटला तो थेट दाराकडे. न घसरणाऱ्या चटईचा एक कोपरा वाट बघतच होता.

सूनबाई परत आली तेव्हा तो जमिनीवर होता आणि घंटी त्याच्या शेजारी.

"पडलात?"

"नाही. बसलो."

"पालथे?"

घोटा मुरगळला होता, फार नाही. डॉक्टरांनी दोन दिवस पाय टेकू नका म्हणून सांगितले आणि जाताना फळ्याकडे बघून घसा साफ केला. सूनबाईने खडू घेतला. तिन्ही अंक पुसून तिने गोल, सुबक शून्य काढले. मग नियम माणूस बघत नसल्याने त्याला खुर्चीत बसवले आणि घंटी डावीकडे ठेवली.

संध्याकाळी आई आली. धापा थोड्या, चेहरा लाल. तिने फळा वाचला, मुलाला वाचला, आणि पिशवी स्टुलावर ठेवली.

"हरलात की जिंकलात?" सूनबाईने विचारले.

"हरले. पण नर्सबाईनं मांडीखाली दोन एक्के ठेवले होते, ते तिच्या हातासकट पकडले." मग ती मुलाच्या समोर लाकडी खुर्चीवर बसली, हात छातीशी घेतले आणि सरळ उठून उभी राहिली. "पाय बरा झाला की तू असं उठून दाखव. मग तुला जाऊ देते कारखान्यात."

"आई, मला सवय नाही."

"तेच म्हणतेय मी."

वाचकांनी या अधिकाऱ्याला हसू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जरूर हसावे, फक्त उभे राहून हसावे. आपण बराच वेळ बसून वाचत आहात. तर आता हात छातीशी घेऊन उठा. टेबल जवळ असू द्या, घाई नको. आपला हात खुर्चीच्या हाताकडे गेला, तो आम्ही पाहिला नाही. बसा. घंटी डावीकडे आहे.