गुंतागुंतीचा बोकड

"धंद्यातल्या मोठ्या भांडणांना सरकारनं वेगळी कोर्टं काढलीत, बाबा," महाडच्या एमआयडीसीत कामाला असलेला सुनील जेवताना सहज बोलून गेला. कुडपणच्या गावकीचा अध्यक्ष भागोजी याचा घास हातातच राहिला.

"मग आपली गावकी का मागं ऱ्हाईल?"

दुसऱ्याच दिवशी त्यानं जाहीर केलं. कुणाची कोंबडी कुणाच्या परसात शिरली, असल्या साध्या भांडणांना जुनी गावकी. धंद्यातल्या किचकट भांडणांना खास बैठक, न्यायाला म्हातारा नाथूआजा. उद्घाटनाला पोलादपूरचे पाहुणे येणार आणि जेवायला भागोजीच्या गोठ्यातला काळा बोकड असणार. टाळ्या कडाडल्या. त्या बोकडासाठी होत्या, भागोजीला मात्र स्वतःसाठी वाटल्या.

घोडं अडलं ते पुढं. तक्रार मांडायची तर गावकीपुढं नारळ ठेवायचा, ही जुनी रीत. पहिला नारळ रामजी घेऊन आला.

"शेजाऱ्यानं माझा बांध कोरला."

"साधं हाय. जुन्या गावकीत जा."

"माझं भांडण साधं? आज्याच्या वखतापास्नं चाललंय!" रामजी नारळ काखोटीला मारून तरातरा निघून गेला. मग आपलं भांडण चारचौघांत साधं ठरवून घ्यायला कोण येणार? उद्घाटनाच्या दिवशी मांडव सजला, पाहुणे येऊन बसले, वाटण तयार झालं, पण भांडण काही येईना. आज नाक कापलं जाणार म्हणून भागोजी सारखा वाटेकडं बघू लागला.

तेवढ्यात त्याची बायको चंद्रभागा उठली आणि तिनं नाथूआजापुढं नारळ ठेवला.

"माझी तक्रार हाय."

भागोजीचा जीव भांड्यात पडला. "कुणावर गो?"

"तुमच्यावर."

"काळ्या बोकडाची आई, ती शेळी, शेजारच्या बायजाची," चंद्रभागा म्हणाली. "मी ती अर्ध्या वाट्यानं पाळली. शेळी तिची, राखण माझी, पिल्लांत दोघींचा निम्मा-निम्मा वाटा. वाटणी अजून झाली नाय. मला इचारलं नाय, बायजाला इचारलं नाय, नि ह्यांनी गावाला आवतण देऊन टाकलं!"

नाथूआजानं विचारलं, "भागोजी, हे साधं का किचकट?"

साधं म्हणावं तर खास बैठक पहिल्याच दिवशी रिकामी. किचकट म्हणावं तर आरोपी आपणच. भागोजीनं पाहुण्यांकडं पाहिलं, आणि त्याची छाती आपोआप फुगली.

"किचकट! लय किचकट! मालकीण एक, पाळणारी दुसरी, आवतण देणारा तिसरा नि खाणारा आख्खा गाव! असलं भांडण सरकारी कोर्टानंबी बघितलं नसंल!"

गुन्हा त्यानं इतका फोडून सांगितला की नाथूआजाला काही विचारावंच लागलं नाही. निकाल झाला: बोकडाला कुणी हात लावायचा नाही, आणि वाटणी होईस्तोवर शेळ्या भागोजीनं राखायच्या. पाहुणे काळ्या वाटाण्याच्या आमटीवर जेवले.

उशिरा आलेल्या एका पाहुण्याला परतताना वाटेत शेळ्यांमागं चाललेला अध्यक्ष दिसला.

"काय हो, निकाल कुणाच्या विरोधात गेला?"

"माझ्या!" भागोजी काठी आपटून म्हणाला. "पयल्याच दणक्याला अध्यक्षाला धरलं! हाय असलं कोर्ट तुमच्या पोलादपुरात? आणि मला हरवणारी कोण म्हायती हाय? माझीच बायको!"