बिराजदार सरांची मुलं

परंड्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बिराजदार सर शिरले, की मालक गल्ल्यावरूनच वेटरला जपून बोल म्हणून खुणावतो. कारण एकदा एका नव्या वेटरनं त्यांना सांगितलं होतं, "सगळं गरम आहे सर." सरांनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, "सगळं? ताकसुद्धा?" वेटर विचारून येतो म्हणून आत गेला तो बाहेर आलाच नाही. शेवटी मालकालाच उठून ऑर्डर घ्यावी लागली.

'सगळे', 'नेहमी', 'कधीच' हे शब्द सरांसमोर वापरायची सोय नाही. आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. त्यांच्या निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, की सर सर्वांचे आवडते होते. सर भाषणाला उठले आणि पहिल्यांदा हे विधान तपासायला घेतलं. मागच्या रांगेत बसलेले दोघं आपल्याच विषयात नापास झालेत, आधी त्यांना विचारावं असं त्यांचं म्हणणं. त्या दोघांनीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. सर जरा गोंधळले आणि भाषण न करताच खाली बसले.

मात्र एखादी गोष्ट पटली, की उमरग्याकडचे हे सर मान डोलावून कानडीत 'हौदु' म्हणतात. तो एक होकार मिळावा म्हणून पोरं रिकाम्या तासाला फळा अडवून बसायची. माझी भाची अश्विनी त्यातलीच. ईटची ही पोरगी माझ्याकडं राहून बी.एस्सी. झाली आणि आता तिला एम.एस्सी.ला संभाजीनगरच्या विद्यापीठात जायचं होतं. तिचे वडील, म्हणजे आमचे भागवत दाजी, काही केल्या ऐकत नव्हते.

दाजींची अडचण साधी होती. डॉक्टर काय करतो ते त्यांना कळत होतं, नर्स काय करते तेही कळत होतं. गणित शिकलेला माणूस सकाळी उठून नेमकं काय करतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यात एक बरं स्थळ आलेलं. अश्विनीनं घरात बोलणंच सोडलं, तेव्हा ताईचा मला फोन आला आणि मी सरांना घेऊन ईट गाठलं.

मला वाटलं, सर आता गणिताच्या थोरवीवर तासभर बोलणार. ते चहा पिऊन एवढंच म्हणाले, "माझ्या शब्दावर जाऊ नका. उद्या चला माझ्याबरोबर, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. आधी भूमला उतरलो. तिथल्या एका बँकेतला साहेब सरांचा जुना विद्यार्थी, तो सरांना बघून खुर्चीतून ताडकन उठला, तेव्हा दाजींनी फेटा नीट केला. इथपर्यंत छान चाललं होतं. पुढं सरांनी आम्हाला तेरखेड्याला एका फटाक्याच्या कारखान्यात नेलं. मालकही सरांचाच विद्यार्थी, बाहेर मोठी गाडी उभी. त्यानं हसत हसत सांगून टाकलं, की आपण दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं आणि तेच बरं झालं. बाहेर आल्यावर मी सरांना बाजूला घेऊन विचारलं, की याच्याकडं कशाला आणलंत? सर म्हणाले, आपल्या बाजूचीच उदाहरणं दाखवली तर ती फसवणूक होते. दाजींनी ते ऐकलं असावं. पुढच्या गाडीत त्यांनी खिडकीजवळची जागा सरांना दिली.

वाटेत सरांनी पुण्यातल्या एका विद्यार्थ्याला फोन लावून दिला. तो विमा कंपनीत होता, माणसं किती जगतात याचा हिशेब मांडायचा. दाजींनी लगेच स्वतःचं विचारून घेतलं. एकट्या माणसाचं नाही सांगता येत, हजारो माणसांचं मिळून सांगता येतं, असं तो म्हणाला. फोन ठेवून दाजी मला म्हणाले, "आमच्या गावचा जोशी उलटा हाय. एकेकट्याचं सांगतो, समद्यांचं इचारलं की गप."

धाराशिवला पोचेपर्यंत दुपार झाली होती. तिथं एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या शबानाबाई, त्याही सरांच्याच विद्यार्थिनी, त्यांची वाट बघत गेटवर उभ्या होत्या. नमस्कार करायच्या आधीच त्या म्हणाल्या, की सर, तुम्ही वाळलात. त्यांनी आम्हाला घरी नेलं, जेवायला वाढलं आणि गोळ्या वेळेवर घेता का म्हणून सरांना विचारलं. सर म्हणाले, नेहमी घेतो.

"नेहमी?" बाईंनी विचारलं.

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. दाजींना ठसका लागला.

परतीच्या गाडीत येरमाळ्याच्या पुढं दाजींनी सरांना लेकरंबाळं किती म्हणून विचारलं. सरांनी सांगितलं, की मूल झालं नाही आणि बायकोला जाऊनही बरीच वर्षं झाली. ताकाची ऑर्डर द्यावी तसं साध्या आवाजात सांगितलं.

दाजी म्हणाले, "मास्तर, नोकरीचं ऱ्हाऊ द्या. ती बाई लेकीवानी तुमच्या ताटाकडं बघत व्हती ना, तवाच माझं ठरलं. पोरीला जाऊ द्या तिकडं."

सर खिडकीबाहेर बघत हळूच 'हौदु' म्हणाले.

अश्विनी विद्यापीठात गेली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी सहज सरांच्या घरी डोकावलो. सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसले होते. कुठं निघालात म्हटलं, तर कुठंच नाही म्हणाले. समोर डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. जरा वेळानं तो वाजला आणि पडद्यावर अश्विनी दिसली. तिचं एक गणित अडलं होतं. सरांनी भिंतीवरच्या फळ्यावर ते सावकाश सोडवून दाखवलं. तिला पुन्हा शंका आली, सरांनी पुन्हा दुसऱ्या पद्धतीनं समजावलं. मग तिनं तिकडच्या मेसच्या भाज्या सांगितल्या, यांनी इकडची थंडी सांगितली. असा तास गेला.

फोन बंद झाल्यावर सर फळा पुसू लागले. मी म्हणालो, गणित बरंच अवघड दिसत होतं.

"अवघड कसलं? इथं असताना तिनंच ते मला सोडवून दाखवलंय."

"मग तिला तसं सांगायचं ना, सर."

सर पुसता पुसता थांबले.

"सांगितलं, तर पुढच्या रविवारी ती काय विचारेल?"