आमच्या ह्यांची चेकवाली

आमच्या घरी कोणी आलं की आधी पाणी मिळत नाही, आधी चेक देशातल्या लोखंडाच्या कारखान्याची गोष्ट मिळते. सांगतात आमचे हे. आमच्या इतवारी भागात सगळे यांना मिस्त्री म्हणतात. ज्या वर्कशॉपात यांनी जन्म काढला ते बंद पडलं, तेव्हा तिथली चेक बनावटीची, लोखंड कातायची लेथ मशीन यांनी मालकाकडून मागून घरी आणली. खालच्या खोलीत ती, वरच्या खोलीत मी. रोज सकाळी ती चालू करून हे डोळे मिटून, मान वाकवून कुठे काय वाजतं ते ऐकत.

वर्कशॉपात ती पहिल्यांदा बसवायला तिकडून एक साहेब आला होता. त्यानं सांगितलेलं यांना पाठ आहे. डोंगरात लोखंडाचे दगड सापडले, जंगलातल्या कोळशावर भट्टी पेटली, शेगड्या अन् कढया ओतल्या. पुढे दगड सरत आला, भट्टी विझली. तरी कारखाना बसला नाही. तीच माणसं पंप करू लागली, मग मशिनी. मालक बदलले, सरकार आलं, सरकार गेलं. "धंदा बदलला, पण माणसं घरी नाही बसवली गा!" म्हणत हे मांडीवर थाप मारतात.

मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हाही हेच. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, अन् यांची भट्टी अजून पेटतेच आहे.

मी म्हटलं, "अजी, पोरीचं काही सांगान का?"

"थांब वं, आता पंप येते."

माझ्या माहेरच्या गावाचं नाव विचारा, अडखळतील. धुऊन धुऊन मऊ झालेलं माझं लुगडं मी पांघरायला ठेवलं होतं, ते फाडून यांनी मशीन पुसली. माझा जळफळाट होणार नाही तर काय?

यंदा माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, जिना बंद. खाली खोली एकच, अन् तिथे ती.  मशीन हलवा म्हटलं असतं तर यांनी मलाच विकलं असतं.

एका सकाळी दारात टेम्पो. यांनीच बोलावलेला. मशीन एका वर्कशॉपवाल्याला दिली होती. "भंगारात नाही घातली," एवढंच म्हणाले. माणसं ती हलवत होती तेव्हा हे गल्लीकडे तोंड करून उभे होते. दुपारी माझी खाट खाली आली.

मग खंडेनवमी आली, अवजारांच्या पूजेचा दिवस. हे आंघोळ करून सवयीनं झेंडूचा हार घेऊन आले अन् दारातच थबकले. खोलीत मी अन् माझा वॉकर.

"कोणाले घालू वं?"

"माह्या गळ्यात घालाची तर सोय नाही, मी थोडीच मशीन आहो," मी म्हटलं.

हे खाली बसले. वॉकर उलटा केला, पेच आवळले, पाय पुसले, हळदकुंकू लावून हार घातला. "तुहा सारा भार याच्यावर आहे," म्हणाले, अन् तो माझ्यापुढे सरकवला. "चाल. कुरकुर कोण करून राहिलं पाहू दे, हा का तुहा गुडघा."

मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. हे डोळे मिटून, मान वाकवून ऐकत होते.