गच्चीवरचं परराष्ट्र धोरण

ताथवड्यातल्या त्या सोसायटीत गच्चीवर वाळवण घालायला बंदी होती. कुरडया दिसल्या की सोसायटीचा दर्जा घसरतो, असं चेअरमन मारुतरावांचं मत होतं, आणि मत झालं की ते लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायचं. गच्चीला कुलूप लागलं. ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली त्या कुसुमताईसुद्धा विकतच्या कुरडया तळायच्या आणि तळताना मारुतरावांचा उद्धार करायच्या.

पाचव्या मजल्यावर कोरियन जोडपं राहायला आलं तेव्हा मारुतराव हरखले. हानसाहेब चाकणच्या एका कंपनीत अधिकारी. मारुतरावांनी बुके दिला, फोटो काढला, 'आपली सोसायटी आता इंटरनॅशनल' असं जाहीर केलं आणि परदेशी लोकांना सूर्यास्त आवडतो म्हणून हानबाईंना गच्चीची किल्ली दिली. बाईंना इंग्रजी येतं का, हे विचारलं नाही. आधी विचारायचं असतं, ही कल्पनाच त्यांना नवीन होती.

हानबाई कित्येक महिने नुसत्या खिडकीत दिसायच्या. एप्रिलात मात्र त्यांनी डांगे चौकातून लाल मिरच्या आणल्या आणि गच्चीवर चादर अंथरून पसरल्या.

जिन्यात मिरच्यांचा खकाणा आला तशा कुसुमताई वर गेल्या. त्यांनी एक मिरची कानाशी धरून हलवली. हानबाईंनीही हलवली आणि नकारार्थी मान फिरवली.

"व्हय, अजून दोन उन्हं पायजेत," कुसुमताई म्हणाल्या.

हानबाईंनी दोन बोटं दाखवली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई सोऱ्या आणि गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन वर गेल्या. मागोमाग शेजारच्या छबूबाई पापड घेऊन आल्या. हानबाईंनी वाटीभर चीक खाल्ला, वाटी पुन्हा पुढे केली आणि सोऱ्या हातात घेऊन छबूबाईंपेक्षा गोल कुरडई घातली. छबूबाईंना ते अजिबात आवडलं नाही.

मारुतराव धापा टाकत वर आले. "मिरच्या राहू द्या. ती त्यांची संस्कृती आहे. कुरडया उचला."

"कुरडया बी तिच्याच हायेत. इचारा तिला," कुसुमताई म्हणाल्या.

मारुतरावांनी लांबलचक इंग्रजी वाक्य टाकलं. हानबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि कुरडयांची चादर स्वतःकडे ओढून घेतली.

"तुम्ही बायका दिवसभर हिच्याशी बोलता तरी काय?" मारुतराव चिडून म्हणाले.

"नवऱ्यांचं. ती तिच्याचं सांगती, मी माझ्याचं."

"आणि कळतं?"

"न कळायला काय झालं? शिफ्ट सुटली तरी माणूस घरी येत न्हाई, ह्याला कशाला भाषा लागती?"

बायकांपुढे चालेना, तेव्हा मारुतरावांनी आपल्यासारखे सगळेच करतात तेच केलं. नवऱ्याकडे तक्रार केली. रविवारी ते हानसाहेबांना वर घेऊन आले. आता बाईला चार शब्द ऐकवले जाणार, म्हणून शर्टसुद्धा नीट खोचून आले होते.

हानसाहेबांनी चपला काढल्या, मिरच्यांशेजारी बसले आणि देठं खुडायला लागले. मग इंग्रजीत सावकाश म्हणाले, "ही आल्यापासून रोज म्हणायची, परत जाऊ. मी फ्लॅट सोडायचं ठरवलंच होतं. हे सुरू झाल्यापासून ती जायचं नाव काढत नाही. तुम्ही गच्ची बंद करणार असाल तर आजच सांगा."

परदेशी माणसं गेली तर सोसायटी पुन्हा नुसती ताथवड्यातली राहणार होती. एका बाजूला तत्त्व, दुसऱ्या बाजूला इंटरनॅशनल. मारुतरावांसारख्या माणसाला अशा वेळी तत्त्व फार जड वाटत नाही. त्यांनी तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं: 'चेअरमन यांच्या पुढाकाराने गच्चीवर भारत-कोरिया वाळवण महोत्सव. सर्वांनी लाभ घ्यावा.'

छबूबाईंनी तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. कुसुमताई हसल्यासुद्धा नाहीत.

"पुढाकार घेतलाय न्हवं? मग बसा की. आमी जेवून येतो."

मारुतराव इंग्रजीत काहीतरी सबब सांगणार, तेवढ्यात कठड्यावर कबुतरं उतरली. हानबाईंनी त्यांच्या हातात काठी दिली आणि हनुवटीने कठड्याकडे खूण केली.

तशी खूण मारुतरावांच्या घरीही चालायची. दुभाष्या न लागता ते कठड्याकडे निघाले.