झुंबररावांच्या गाडीखालचा पत्रा

एका जंगलात रस्ताच नव्हता. म्हणून, बाळांनो, त्या जंगलातल्या प्रत्येक ऐपतदार प्राण्याने गाडी घेतली होती.

तुम्ही विचाराल, रस्ताच नाही तर गाडी कशाला? मोठ्यांना असं विचारायचं नसतं. या गाड्या साध्या नव्हत्या. जिथे रस्ता नाही तिथे जाण्यासाठीच त्या बनवलेल्या होत्या. चाकं दांडगी, आणि जोर चारही चाकांना. त्यांच्या मालकांनी 'रानवाट मंडळ' नावाचं एक मंडळही काढलं होतं. मंडळाच्या सभा वडाखाली भरत, कारण जंगलातली सगळ्यात सपाट जागा तीच होती. गाड्या तिथे छान रांगेत लावता येत.

झुंबरराव अस्वल मंडळाचे सर्वांत नवे सभासद होते. त्यांनी गाडी हौसेसाठी घेतली नव्हती. निदान घरी तरी तसं सांगितलं नव्हतं. त्यांची बायको गजराबाई. तिचे वडील, म्हणजे तात्या, ओढ्यापलीकडच्या टेकडीवर एकटे राहत. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, गुडघे धरले होते. त्यांना आता आपल्याकडे आणायचं असं ठरलं होतं. पण मधला ओढा सगळा धोंड्यांचा. उन्हाळ्यात त्यात थेंबभर पाणी नसे, तरी तात्यांना तो पायी ओलांडणं शक्य नव्हतं.

"गाडी असली म्हणजे तात्या बसल्या जागी घरी येतील," झुंबरराव म्हणाले होते.

गजराबाईला ते पटलं. गाडी आली.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. टेकडीवरचा झरा बारीक झाल्याची बातमी आली. झुंबरराव त्याच सकाळी गाडी घेऊन निघाले आणि ओढ्यात उतरले. पहिल्याच धोंड्यावरून जाताना गाडीखाली काहीतरी 'ठक्' वाजलं.

झुंबरराव थांबले. खाली उतरून पाठीवर झोपले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले.

बाळांनो, अशा गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाचा जोर त्यातून दोन्ही चाकांना वाटला जातो. आत दातेरी चक्रं तेलात बुडालेली असतात. गोळा फुटला की तेल गळतं, चक्रं खराब होतात आणि गाडी जिथे असेल तिथे बसते. इतकी नाजूक गोष्ट गाडीत सगळ्यात खाली का लावली, ते मला ठाऊक नाही. बनवणारे शिकलेले होते एवढं ठाऊक आहे.

झुंबररावांच्या गोळ्याला ओरखडा पडला होता. नखाएवढा. अस्वलाच्या नव्हे, चिचुंद्रीच्या.

त्यांनी गाडी वळवली.

"तात्या कुठे आहेत?" गजराबाईने दारातच विचारलं.

"तिथेच आहेत. सुखरूप असतील. पण आपला डिफरन्शियल उघडा आहे गं. आधी त्याच्याखाली पत्रा बसवायला हवा. स्किड प्लेट म्हणतात त्याला. म्हणजे धोंडा लागला तर पत्र्याला लागेल, गोळ्याला नाही."

"तेल गळतंय का?"

"नाही."

"मग?"

"गळू शकलं असतं."

गळलं नाही त्या तेलाबद्दल भांडता येत नाही.

झुंबररावांनी वडाखालच्या सभेत विषय काढला. पत्रा कुठला घ्यावा, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मंडळाचे अध्यक्ष धोंडजी गवा होते. ते म्हणाले, "पोलादी घ्या. जाड घ्या. दुसरा विचार करू नका. वाकला तर हातोड्याने ठोकून सरळ होतो."

"आणि गंजतो," लीलाधर भेकर म्हणाले. लीलाधर सडपातळ होते आणि प्रत्येक वस्तूचं वजन त्यांना तोंडपाठ असे. "झुंबरराव, ॲल्युमिनियम घ्या. हलकं असतं. गाडीवर बोजा पडत नाही."

"ॲल्युमिनियमला धोंडा चावतो. गाडी धोंड्यावर चिकटून बसते. पोलाद घसरतं."

"पोलादाने गाडी इतकी जड होते की ती घसरायलाही मागत नाही."

"तुम्ही कधी धोंड्यावर गाडी घातली आहे का, लीलाधर?"

"तुम्ही घातली आहे का?"

हा प्रश्न मंडळात कुणी कुणाला विचारत नसे.

मग मंडळात दोन तट पडले. पोलादवाले वडाच्या पूर्वेला गाड्या लावू लागले, ॲल्युमिनियमवाले पश्चिमेला. धोंडजींनी लीलाधरांकडे बारशाला जायचं टाळलं. झुंबररावांना मात्र धन्य वाटत होतं. आजवर त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. आता पाणवठ्यावर जाताना दोन्ही बाजूंचे प्राणी त्यांना थांबवून म्हणत, "काय ठरलं मग?"

"अभ्यास चालू आहे," झुंबरराव गंभीरपणे सांगत.

अभ्यास चालू असतानाच घारीने निरोप आणला की टेकडीवरचा झरा आटला. तात्या पहाटे पानांवरचं दव चाटतात. शेजारची माकडं टेकडी सोडून गेली.

"अहो, आज जाऊ या का?" गजराबाई म्हणाली.

"त्यांच्यासाठीच तर चाललंय हे सगळं," झुंबरराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. वाटेत गोळा फुटला तर? तात्या, गजरा आणि गाडी, तिघंही भर उन्हात अडकतील. त्या विचाराने त्यांना झोप लागत नसे. एका कुशीवर पोलाद, दुसऱ्या कुशीवर ॲल्युमिनियम, असे ते तळमळत.

शेवटी त्यांनी पोलादी पत्रा घ्यायचं ठरवलं. सामानाचं दुकान रत्नाकर मुंगसाचं होतं. रत्नाकर गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नसे. तो फक्त पुढची गोष्ट दाखवत असे.

"उत्तम निवड, रावसाहेब," तो म्हणाला. "पण मागचा गोळा झाकला आणि पुढचा उघडा ठेवला, असं कोण करतं?"

पुढच्या चाकांमधल्या गोळ्यालाही पत्रा लागला.

"आता हे बोल्ट बघा. डोकी खाली आली आहेत. धोंडा आधी यांनाच उडवणार. यांच्यावर टोप्या बसवू."

टोप्या बसल्या.

"वजन वाढलं, म्हणून गाडी मागे बसली आहे. स्प्रिंगचे पाटे बदलू."

पाटे बदलले. नवे पाटे यायला वेळ लागला. तेवढ्यात रत्नाकरने पत्र्याला रंग दिला. तांबडा, चकचकीत. झुंबरराव रोज दुकानात जाऊन गाडीखाली झोपत आणि त्या रंगात स्वतःचं तोंड बघत. इतकं सुंदर काहीतरी आपल्या मालकीचं आहे, यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

गाडी घरी आली. गजराबाई पाण्याचा भोपळा घेऊन पुढे बसली. ओढा आला. झुंबररावांनी पहिल्या धोंड्यावर चाक घातलं आणि खाली 'खर्र' वाजलं.

ते गाडीखाली गेले. गोळ्याला काही झालं नव्हतं. पत्र्याने आपलं काम चोख केलं होतं. पण तांबड्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ उमटली होती.

बराच वेळ झुंबरराव बाहेर आले नाहीत.

"अहो?" गजराबाईने वाकून विचारलं. "फुटलं का काही?"

"पत्र्याला लागलंय," झुंबरराव खालूनच म्हणाले.

"तो लागण्यासाठीच आहे ना?"

"तुला नाही कळायचं."

ते परत फिरले, ते थेट रत्नाकरच्या दुकानी. रत्नाकरने रेघेवरून हळूच पंजा फिरवला आणि आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा चेहरा केला.

"पत्र्यासाठीही पत्रा मिळतो, रावसाहेब," तो म्हणाला. "खालून लावायचा. बरेच जण घेत नाहीत. ज्यांचा गाडीवर जीव असतो तेच घेतात."

झुंबररावांचा जीव होता. त्यांनी घेतला.

तो बसवून दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा गुहा रिकामी होती. पाण्याचा भोपळा जागेवर नव्हता. बाहेरच्या चिंचेवर घार बसली होती.

"गजराबाई गेल्या," घार म्हणाली. "उजाडताच. तात्या काल हाकेला ओ देत नव्हते, असं मी सांगितलं त्यांना."

म्हातारा झुंबररावांना आवडायचा. लग्नात सगळ्यांच्या देखत त्याने त्यांना आपल्या हाताने मध भरवला होता. आणि गजरा एकटी, या उन्हात. त्या क्षणी, बाळांनो, झुंबररावांना पत्र्याची आठवणही राहिली नाही. त्यांनी गाडी सुरू केली आणि सुसाट सोडली. तुम्हाला वाटेल, आता गोष्ट सुधारणार.

ओढा आला. समोर पहिला धोंडा होता. झुंबररावांनी डोळे मिटून गाडी त्यावर घातली.

पत्र्याखालच्या पत्र्यामुळे गाडीचं पोट इतकं खाली आलं होतं की ती धोंड्यावरून गेलीच नाही. धोंड्यावर बसली. कोंबडी अंड्यावर बसते तशी, नीट, मधोमध. मागची चाकं हवेत गरगर फिरली. पुढची धुळीत गरगर फिरली. गाडी हलली नाही. डिफरन्शियल मात्र दोन्ही सुरक्षित होते.

झुंबररावांनी उतरून ढकललं, ओढलं, खाली काठ्या घातल्या. पलीकडे पायी जावं असंही एकदा त्यांच्या मनात आलं. पण गाडी अशी वाऱ्यावर सोडून कशी जाणार? कुणी पत्रा काढून नेला तर? ते गाडीच्या सावलीत बसून राहिले.

ऊन उतरू लागलं तेव्हा समोरच्या काठावरून काहीतरी काळं, मोठं, दोन डोक्यांचं खाली येताना दिसलं. ती गजराबाई होती. अस्वलीण पिल्लाला पाठीवर घेते तसं तिने तात्यांना घेतलं होतं. तात्यांनी तिच्या मानेचे केस घट्ट धरले होते. ती एकेक धोंडा चाचपत, त्यावर पाय रोवत येत होती. मधेच घसरली. गुडघ्यावर आली. तात्यांना पडू दिलं नाही.

झुंबरराव धावत पुढे गेले. "कसे आहेत?"

"पाणी प्यायले," गजराबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "बोलायला लागले आहेत."

"जावईबापू का?" तात्यांचा आवाज पानासारखा वाळलेला होता. "गाडी आणली म्हणे."

"आणली आहे, तात्या. ही काय."

गजराबाईने तात्यांना गाडीच्या सावलीत उतरवलं. तात्यांनी हात लांबवला. गाडी इतकी खाली होती की बसल्या जागी त्यांचा हात पत्र्याला पोचला. त्यांनी तो चाचपून पाहिला.

"छान गार आहे," तात्या म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले असावेत.

मग गजराबाईने एका बाजूने जोर लावला, झुंबररावांनी दुसऱ्या बाजूने. गाडी धोंड्यावरून मागे उतरली. गजराबाईने तात्यांना पुन्हा पाठीवर घेतलं.

"आता गाडीत बसा की," झुंबरराव म्हणाले. "इथून पुढे सपाटच आहे."

"सपाटच आहे," गजराबाई म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या सभेत मंडळाने सगळ्या गाड्यांची तपासणी केली. उन्हाळाभर कुणाचा डिफरन्शियल किती शाबूत राहिला, हे पाहायचं होतं. धोंडजी आणि लीलाधर कित्येक दिवसांनी एकत्र आले, एकाच गाडीखाली शेजारी शेजारी झोपले आणि झुंबररावांचे दोन्ही गोळे पाहून दोघांचंही एकमत झालं. झुंबररावांना झेंडूचा हार घातला गेला. ओढ्यात प्रत्यक्ष उतरलेले पहिले सभासद म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दोन तास बोलले.

हार घालूनच ते घरी आले. गुहेत तात्या गजराबाईचे पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि बोटांनी जागा शोधून शोधून तिच्या तळव्यांना मध लावत होते.

"तिथे नाही, तात्या. जरा खाली," गजराबाई म्हणाली. "हां. तिथे."

झुंबररावांनी थोडा वेळ वाट पाहिली. कुणी हाराबद्दल विचारलं नाही. तेव्हा ते बाहेर गेले आणि तो त्यांनी गाडीला घातला.

तात्पर्य: गाडीचा सगळ्यात खालचा भाग जिवापाड जपावा, कारण तो फुटला तर नवा मिळायला वेळ लागतो. घरच्या माणसांचे तळवे मात्र फुटले तरी चालतात. ते आपोआप भरून येतात, आणि ते बघायला कुणाला पाठीवर झोपून खाली सरकावं लागत नाही, म्हणून कुणी बघतही नाही.