सोनधारवरची पहिली शर्यत

सोनधारच्या उतारावर पहिल्यांदाच व्यावसायिक स्नोबोर्ड शर्यतीत उतरणाऱ्या खेळाडूला खाली पोहोचायला साधारण एक मिनिट लागतं, आणि कधी कधी काही वर्षं लागतात. उतार साडेपाचशे मीटरचाच आहे. हौशी खेळाडूंना असा उशीर कधी झालेला नाही, आणि दुसऱ्या शर्यतीपासून तो कुणालाच होत नाही.

हे प्रवेशअर्जावर छापलेलं होतं. ऋजुता दाभाडेचे वडील वसंतराव चिपळूणच्या बसस्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. ‘अनुपस्थितीत संपर्क’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि वयाच्या जागी एकसष्ट लिहिताना जरा थांबले.

“तू उतर,” ते म्हणाले. “मी थांबतो. थांबायची मला सवय आहे.”

वर, सुरुवातीच्या रेषेपाशी, पंच नेगी वही घेऊन बसले होते.

“मोबाइल?”

“खाली बाबांकडे दिलाय.”

“रोजच्या गोळ्या? दातांचं काही काम अर्धवट राहिलंय?”

“नाही.” ऋजुताने उताराकडे पाहिलं. “किती वेळ लागेल, काही अंदाज?”

“अंदाज आम्ही देत नाही. गेल्या हंगामात सात जण उतरले. पाच त्याच दिवशी पोहोचले.”

“आणि दोघं?”

नेगींनी पान उलटलं. “त्यांचं चालू आहे.”

तेवढ्यात त्यांचा वॉकीटॉकी खरखरला. खालून कुणीतरी सांगत होतं, “एकोणतीस नंबर आला. आठ वर्षं, एक महिना.”

“तब्येत?”

“ठणठणीत. आई कुठे आहे म्हणून विचारतोय.”

“त्याच्या काकांना बोलवून घ्या,” नेगी म्हणाले, आणि वहीत वेळ लिहिली.

ऋजुताने बोर्डाचे पट्टे पुन्हा एकदा आवळले. शेजारच्या मार्गावर कुसुम रावत उभी होती. तिचीही ही पहिलीच शर्यत.

“तुझं कोण आलंय?” कुसुमने विचारलं.

“बाबा.”

“माझा नवरा आलाय. मुलगी दीड वर्षाची आहे, तिला घरीच ठेवली.” तिने हातमोजा काढला, परत घातला. “घाबरलीस?”

“खूप.”

“मीपण. बरोबरच जाऊ.”

“माघार घ्यायची असेल तर आत्ता सांगा,” नेगी म्हणाले. ऋजुताने तोंड उघडलं. सहा वर्षं तिने याच दिवसासाठी घालवली होती. तिने ते पुन्हा मिटलं, आणि नेगींनी शिट्टी वाजवली.

तिसऱ्या झेंड्यापर्यंत कुसुम खांद्याला खांदा लावून होती. पाचव्या झेंड्यापाशी तिच्या बोर्डाचा आवाज यायचा थांबला. ऋजुताने बाजूला पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. एका वळणावर ती घसरली, हात टेकला, सावरली, आणि शेवटची रेषा ओलांडून जाळीवर आदळली. एक मिनिट, फार तर दोन सेकंद वर, असं तिला वाटलं.

जाळीमागे प्लास्टिकच्या खुर्चीतून वसंतराव काठी टेकत उठले. त्यांचे केस पांढरेशुभ्र झाले होते. त्यांनी घड्याळात पाहिलं.

“चार वर्षं, दोन महिने, अकरा दिवस,” ते म्हणाले. बोर्डाचे पट्टे सोडायला ते वाकू लागले, पण वाकता आलं नाही. ऋजुताने ते स्वतःच सोडले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

“तू पहिली आलीस,” ते म्हणाले.

एक अनोळखी पंच वही घेऊन आली. “अभिनंदन. पदक मात्र आत्ता देता येणार नाही. दोघी पोहोचल्याशिवाय निकाल लागत नाही.”

ऋजुताने वळून वर पाहिलं. उतार रिकामा होता.

पलीकडच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. त्याच्याजवळ उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी चालत ऋजुताकडे आली.

“तुम्ही माझ्या आईला पाहिलंत?”

“हो. पाचव्या झेंड्यापर्यंत आम्ही बरोबरच होतो.”

“कधी?”

ऋजुताची धाप अजून ओसरली नव्हती.

“आत्ताच,” ती म्हणाली.

मुलीने मान डोलावली आणि परत जाळीपाशी जाऊन उभी राहिली. वसंतरावांनी ऋजुतासाठी आणखी एक खुर्ची ओढली.